तारा उकळणारा उस्ताद

एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाठवलेली माफी मी मधल्यामध्ये पुसून टाकली, आणि पुढे कित्येक महिने त्याच्या समोर बसून गप्प राहिलो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर एका खोलीत वर्षं काढली त्या हुसेनभाईंनाही नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात, असं स्वतःला समजावत आलो. आता समजावून समजावून कंटाळा आला आहे.

माफी पाठवणारा इंग्रज होता. सौदीत दम्मामच्या बाहेर, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्याच्या कामावर आमची कंपनी होती, आणि तिच्या कॅम्पात तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. प्रेशरचे गेज दुरुस्त करायचा. कॅम्पातल्या पाकिस्तानी वेल्डरांनी त्याचं नाव उस्ताद ठेवलं होतं, अर्थात थट्टेने. त्याला ती थट्टा कधी कळली नाही. उस्ताद म्हणजे फोरमनच्या वरची काहीतरी जागा असावी असं त्याला वाटायचं. एकदा नव्या साइट मॅनेजरला त्याने स्वतःची ओळखसुद्धा तशीच करून दिली होती. मॅनेजरने मान डोलावली, आणि त्या दिवसापासून ते अधिकृतच झालं.

पिंगट-पांढरे केस तो वायरिंगच्या काळ्या पट्टीने मागे बांधायचा. दाढी छातीपर्यंत. चहा बिनदुधाचा, थंड करून. त्याच्या पोर्टाकॅबिनच्या मागे कॅम्पाचा जनरेटर होता. त्या आवाजाच्या जवळची खोली कोणी घेत नसे, त्याने मागून घेतली. संध्याकाळी ड्यूटी संपली की बाहेर खुर्ची टाकायचा, जनरेटरकडे तोंड करून बसायचा आणि त्याच्या घरघरीला गिटार जुळवायचा. मी एकदा विचारलं की हे काय. म्हणाला, आमच्या बँडमधला बेस वाजवणारा याच्याइतका वेळेवर कधीच आला नाही.

तो बँड हा त्याचा आवडता विषय होता आणि नावडताही. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावातली चार पोरं. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची दुःखाची गाणी, तो सांगायचा, आम्ही गिरणी कामगारांच्या पोरांनी फार मोठ्या आवाजात वाजवली. एका हिवाळ्यात बँड जमला, पुढच्या हिवाळ्यात मोडला. एक रेकॉर्ड निघाली. तिच्या कव्हरवर चौघे मासळीबाजारात उभे होते, आणि लोकांनी ती रेकॉर्ड माशासारखीच वास घेऊन परत ठेवली, असं तो म्हणायचा. हसायचा नाही. त्याचे सगळे विनोद असे दमलेले असायचे.

बँड का मोडला याची उत्तरं माणसागणिक वेगळी. मेसमधल्या मलबारी कुकला त्याने सांगितलं होतं की गाणाऱ्याने माझं अंडं खाल्लं. हुसेनभाई श्रीवर्धनकडचे, कंपनीची बस चालवायचे. त्यांना सांगितलं की व्हॅनचा हीटर फक्त ड्रायव्हरच्या पायाला लागायचा, त्यावरून भांडण झालं. हुसेनभाईंना ते तंतोतंत पटलं. "गाडीवरनं माणसं तुटतात रे," ते मला म्हणाले. "आमच्याकडे सख्खे भाऊ तुटलेत." मला मात्र त्याने काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी विचारणाऱ्यातला नाही.

गिटारच्या तारा तिथे मिळायच्या नाहीत. तारा जुन्या झाल्या की घाम आणि मळ बसून त्यांचा आवाज मरतो, म्हणून तो त्या उकळायचा. खरंच उकळायचा. गिटारवरून काढायचा, वेटोळं करायचा, आणि मेसमध्ये येऊन कुककडे पातेलं मागायचा. मग त्या उन्हात दोरीवर वाळत घालायचा, आमच्या लुंग्या-बनियनांच्या शेजारी. कुकची तक्रार होती की त्यानंतर चहाला लोखंडाची चव येते. त्याने ते पातेलं लपवलं. उस्तादने तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कुकच्या बिघडलेल्या प्रेशर कुकरची शिट्टी दुरुस्त करून दिली आणि हात पुढे केला. पातेलं परत मिळालं. तेव्हापासून त्या पातेल्यावर खडूने फुली असायची आणि कोणीही नवा माणूस आला की कुक त्याला तिचा अर्थ गंभीरपणे समजावून सांगायचा: हे उस्तादच्या रश्श्याचं भांडं.

मी स्टोअरकीपर होतो. स्टोअरच्या खिडकीतूनच कॅम्पाचं टपालही जायचं-यायचं. शहरातल्या पोस्टातला कंपनीचा पोस्ट बॉक्स हुसेनभाई उघडायचे आणि थैली आणून माझ्यापुढे टाकायचे. हे आधीच सांगून ठेवतो.

इराकने कुवेत घेतलं तेव्हा उन्हाळा होता. सुरुवातीला आम्ही फार मनावर घेतलं नाही. मग रस्त्यावरून अमेरिकन ट्रकांच्या रांगा जायला लागल्या, कंपनीतले बरेच गोरे सुट्टीवर गेले आणि सुट्टीवरून आलेच नाहीत. उस्ताद राहिला. त्याला विचारलं तर म्हणाला, घरी गेलो तर कुठल्या घरी जाऊ ते आधी ठरवावं लागेल. हिवाळ्यात गॅसचे मुखवटे आले. आधी गोऱ्यांना, मग सौदींना, आमच्यापर्यंत येईपर्यंत खोकी संपली. उस्तादला त्याचा मिळाला, पण दाढीवर तो नीट बसत नाही, हवा आत येते, असं सेफ्टीवाल्याने सांगितलं. दाढी काढा म्हणाला. उस्तादने मुखवटा कुकला देऊन टाकला. पुढे महिनाभर आमचा कुक तो घालून कांदे चिरत होता. आत काय बोलतोय ते कळायचं नाही, पण डोळे कोरडे असायचे.

आम्हा बाकीच्यांना सेफ्टीवाल्याने खिडक्यांवर लावायला रुंद तपकिरी चिकटपट्टी दिली आणि दाराखाली ओला टॉवेल ठेवायला सांगितलं. बस.

मग युद्ध सुरू झालं. सायरन, मग दूरवर धडाका, मग शांतता. त्या शांततेत हुसेनभाई कलमा पुटपुटायचे आणि मी भिंतीकडे बघत राहायचो. टेलिफोन बूथवर रांगा लागायच्या आणि लाइन लागायची नाही. लागली असती तरी आमच्या गावात फोन होता कुठे. दापोलीच्या खाली खाडीकाठचं गाव ते. आई ट्रान्झिस्टर कानाला लावून बसत असणार हे मला इथे बसून दिसत होतं. वडील आधीच गेलेले, मी एकटा मुलगा.

आमच्यात पत्रं कमी, कॅसेटी जास्त. हे त्या वेळी आखातात गेलेल्या कोणत्याही कोकणी घरात विचारा. आईला वाचता येत नाही, मग पत्र लिहून ते कोणाकडून तरी वाचून घ्यायचं, म्हणजे घरातली बात गावभर. त्यापेक्षा टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन बोलायचं, कॅसेट सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती द्यायची. आई ती ऐकायची, मग बहीण त्याच कॅसेटवर आईचं बोलणं भरून परत पाठवायची. एकाच कॅसेटवर आमची घरं वर्षानुवर्षं येत-जात असायची. जुन्यावर नवं बोलायचं. त्यात कोणाला काही वाटत नसे. ऐकून झालेलं बोलणं ठेवून काय करायचं.

हे इतकं लांबवून सांगतोय, कारण माझ्या हातून झालं ते या सवयीतून झालं. पण सगळा दोष सवयीवरही टाकता येणार नाही. ते पुढे येईल.

एक दिवस उस्ताद स्टोअरच्या खिडकीशी आला. हातात जाड लिफाफा. त्यात कॅसेट होती, दोन्ही बाजूंनी भरलेली. पत्ता इंग्लंडचा. इकडून टपाल जात नव्हतं, आणि आमच्या शेजारच्या गावचा एक जण बसने जेद्दाला आणि तिथून विमानाने मुंबईला निघाला होता, हे त्याला हुसेनभाईंकडून कळलं होतं. मुंबईतून पोस्ट होईल का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. तो जाईना. खिडकीच्या फळीवर कोपर टेकून उभा राहिला, आणि कधी नव्हे ते न विचारता सांगायला लागला.

अंडं नाही आणि हीटरही नाही. एका कार्यक्रमात गाणाऱ्याचं गाणं चालू असताना तो मधेच वाजवायचा थांबला होता. गिटार खाली ठेवली, मागच्या दाराने बाहेर गेला, आणि स्टेशनवर जाऊन गाडीत बसला. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. टाळ्या गाणाऱ्याला पडत होत्या, असं काहीतरी म्हणाला आणि मग ते खोडलं. त्यानंतर दोघे बोलले नाहीत. आता इतक्या वर्षांनी, टपाल बंद पडण्याआधी, त्या गाणाऱ्याचं पत्र आलं होतं: टीव्हीवर तुझ्या तिकडचं दाखवतात, जिवंत असलास तर काहीतरी वाजवून पाठव, मी त्यावर गाईन.

"जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू केलंय," उस्ताद म्हणाला. "त्याला पहिल्याच सुराला कळेल."

मग त्याने लिफाफा फळीवरून माझ्याकडे सरकवला आणि आपलं ते कॅम्पातलं हिंदी बोलला, "संभालके, हां."

तो जेद्दाला जाणारा दुपारी निघणार होता. सकाळी मी खोलीवर आलो ते आईसाठी बोलायला. टेपरेकॉर्डर होता, सेल होते. कॅसेट नव्हती. शेवटची मी महिन्यापूर्वी घरी पाठवली होती आणि ती परत आली नव्हती. दुकानं बंद. खोलीत ज्या होत्या त्या सगळ्या कुराणाच्या तिलावतीच्या, म्हणजे पठणाच्या. त्यांच्यावर बोलणं भरायचं हे माझ्या मनातही आलं नाही, येणारच नाही. त्या सोडून खोलीत एकच कॅसेट होती.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे चौकोन असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. उस्तादने ते मोडलेले होते. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हे आम्हा कॅसेटवाल्यांना पाठ. मी खिडकीची तपकिरी पट्टी थोडी सोलली, दोन तुकडे कापले आणि लावले. म्हणजे ते चुकून झालं असं मला कधीच म्हणता येणार नाही.  मनाला इतकंच सांगितलं की हा माणूस रोज संध्याकाळी वाजवतोच आहे. मागितलं तर परत वाजवेल. गिटार त्याला खोकल्यासारखी येते, असं आम्ही म्हणायचो. खोकला कोणी जपून ठेवतो का?

मी आईशी बोललो. मी ठीक आहे, इथे काही नाही, रेडिओवाले वाढवून सांगतात. पाठदुखीचं विचारलं, बहिणीच्या सासरचं विचारलं. सांगायचं संपलं तेव्हा बटण दाबून थांबलो. पुढे काय उरलंय ते ऐकलं नाही. लिफाफ्यावरचा पत्ता फाडून लिफाफाच कचऱ्यात टाकला, कारण तो दिसत राहिला असता तर मला काहीतरी ठरवावं लागलं असतं. आणि कॅसेट आईकडे गेली.

चार दिवसांनी उस्तादने विचारलं.

"गई?"

"गई," मी म्हटलं. "मुंबईतून पोस्ट होणार."

त्याने खिडकीतून हात आत घालून माझ्या खांद्यावर ठेवला. आजही तो हात कुठे ठेवला होता ते मी दाखवू शकतो.

युद्ध थोड्याच दिवसांत संपलं. त्यानंतर कुवेतच्या विहिरी जळायला लागल्या आणि त्यांचा धूर आमच्यावर आला. भर दुपारी हुसेनभाई बसचे दिवे लावून चालवायचे. दोरीवरचे कपडे वाळायच्या आधीच काळे व्हायचे, आणि उस्तादच्या ताराही. टपाल सुरू झालं होतं. तो रोज जेवणानंतर खिडकीशी यायचा. आधी विचारायचा, "मेरा कुछ?" मग नुसता भुवया वर करायचा. मग तेही बंद केलं. थैली उघडेपर्यंत बाजूला उभा राहायचा आणि जायचा. मी टपालावर शिक्के मारत असायचो. ज्याला उत्तर येणार नाही हे जगात फक्त मला माहीत होतं, त्याच्यासाठी मी रोज ती थैली तळापर्यंत उपसून दाखवायचो. ते न करता सांगितलं असतं तरी चाललं असतं. एक वाक्य होतं.

का नाही सांगितलं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. गोरा माणूस, तक्रार केली तर कफील, म्हणजे आमचा सौदी जामीनदार, इकामा, राहण्याचा परवाना, रद्द करेल, असं मी तेव्हा मनाशी म्हणायचो. ते खोटं आहे. तो तक्रार करणाऱ्यातला नव्हता, हे पातेल्याच्या वेळीच कळलं होतं. पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून नाही सांगितलं, आणि नंतर पहिल्या दिवशी सांगितलं नाही म्हणून नाही सांगितलं.

कॅसेट आईकडून परत मागवता आली असती. सुरुवात पुसली गेली होती, पण बाकीचं त्याला मिळालं असतं, आणि पत्ता तर त्याच्याजवळ होताच. पण त्या दिवसांत आईकडून मुलाचा आवाज परत मागवायचा कसा? आणि काय सांगून?

हळूहळू त्याने जनरेटरपुढची खुर्ची आत घेतली. कुक मला म्हणाला की उस्तादने बरेच दिवसांत पातेलं मागितलं नाही, तब्येत बरी नाही का? फुलीचं पातेलं तसंच पालथं पडलेलं होतं. कुकने एकदा ते आपणहून घासून उस्तादच्या दारात नेऊन ठेवलं. त्याने ते धन्यवाद म्हणून परत आणून दिलं.

काम आटोपलं, कंपनीने माणसं कमी केली, त्याच्या पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, कायमचं परत जाण्याचा, शिक्का लागला. गिटार त्याने एका फिलिपिनो क्रेन ऑपरेटरला देऊन टाकली. निघायच्या दिवशी खिडकीशी आला. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, आता सांगावं. ओठापर्यंत आलं होतं असं मी म्हणणार नाही. तसं काही आलं नव्हतं.

"त्याचं उत्तर नाही आलं," तोच म्हणाला.

"टपालाचं काही खरं नाही इथे," मी म्हटलं.

"नाही. मिळालं असणार." तो अगदी शांतपणे बोलत होता. "त्याचा कान चांगला होता. त्याने ऐकलं आणि त्याला नको वाटलं. ठीक आहे. मी त्याला भर गाण्यात सोडलं, त्याने मला सोडलं. खलास."

"तसं नसेल," मी म्हणालो.

"तुला काय माहीत?" तो म्हणाला. रागाने नाही, चौकशी केल्यासारखं. उत्तराची वाट बघत क्षणभर माझ्याकडे पाहिलंही. हुसेनभाईंनी बसचा हॉर्न दिला, यल्ला यल्ला म्हणून ओरडले, आणि तो गेला.

पुढच्या वर्षी मी गावी गेलो. आईने मला पहिल्याच दिवशी ती कॅसेट ऐकवली, मला माझीच. माझं बोलणं संपलं, खटका वाजला, आणि मधूनच कुठूनतरी त्याची गिटार सुरू झाली. मागे आमचा जनरेटर. मी ती रोज ऐकलेली होती, पण अशी कधीच ऐकली नव्हती. घाई नव्हती तिच्यात. मधे मधे तो थांबत होता, चांगला मोठा थांबत होता, आणि मग पुन्हा हळूच धरत होता. त्या रिकाम्या जागा गाणाऱ्यासाठी ठेवलेल्या होत्या, हे मला तिथे, पडवीत बसल्यावर कळलं.

आई सुपारी कातरत होती. "तुजा बोलना सपला का ह्यो वाजवतो," ती म्हणाली. "तुज्या खोलीवरचा हाय?"

"शेजारचा."

"तेच्या घरचा कोन नाय का तकडं?"

"नाही."

"मंग तेला जेवाय बोलवत जा," आई म्हणाली.

मी मान हलवली. तो जाऊन तेव्हा महिने झाले होते. आईने पुढे किती वर्षं ती कॅसेट लावली असेल कोण जाणे. माझं बोलणं तिला पाठ झालं होतं, गिटारही. ती गेल्यावर बहिणीने पेटी उघडली तेव्हा कोकणातल्या दमट हवेने फितीवर पांढरी बुरशी चढली होती. आता ती वाजत नाही.

आणि एवढ्यावर मी हे गिळून टाकलंही असतं. पण मागे माझी मुलगी, दम्मामच्या इंडियन स्कूलमध्ये वाढलेली, कॉम्प्युटरवर कसलीशी जुनी गाणी शोधत बसली होती. मी सहज त्या बँडचं नाव सांगितलं. मासळीबाजारातले चौघे समोर आले. उस्ताद ओळखू आला. दाढी नव्हती, पण उभं राहणं तेच. खाली कोणीतरी लिहिलं होतं, मुलीने वाचून दाखवलं: गाणारा वारला. शेवटच्या काळात तो सांगायचा की आखातातल्या युद्धाच्या वेळी मी गिटारवाल्याला पत्र टाकलं होतं, काहीतरी वाजवून पाठव म्हणून, पण त्याने काहीच पाठवलं नाही, त्याचा राग गेला नसावा. गिटारवाल्याचा पत्ता कोणाला माहीत नाही.

"हू इज दिस, अब्बा?" मुलीने विचारलं.

"कॅम्पमध्ये होता एक," मी म्हटलं, आणि नमाजची वेळ झाली म्हणून उठलो.

म्हणजे दोघांपैकी प्रत्येकाला वाटत राहिलं की दुसऱ्याने तोंड फिरवलं. एक त्याच समजुतीत गेला. त्याचं आता मला काही करता येणार नाही. कबरीवर जाऊन सांगण्याने ऐकणाऱ्याला नाही, सांगणाऱ्यालाच बरं वाटतं. दुसरा कदाचित असेल. असला तर फार म्हातारा असेल. मी त्याला नीट शोधलेलं नाही, हेही इथे लिहून टाकतो.

गिटार मी परत देऊ शकत नाही. उस्तादला मी एक वाक्य देणं लागतो, जे त्या खिडकीत बोलायला हवं होतं: तुझ्या मित्राने ती टेप ऐकलीच नाही, कारण मी ती पाठवली नाही.